ग्यानबाची मेख

उत्तराभाद्रपदा नक्षत्राच्या चौथ्या चरणावर बाळ जन्माला आलं की पंचांग आईबापांच्या हातावर एक अक्षर ठेवतं आणि गालातल्या गालात हसतं. ते अक्षर म्हणजे ञ. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकूण 108 चरण, आणि प्रत्येक चरणाला एक आद्याक्षर, अशी ही वाटणी आहे. वाटणी म्हटली की कुणाच्या तरी वाट्याला खडकाळ तुकडा येणारच. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ मिळतो, हस्ताच्या तिसऱ्याला ण, आणि उत्तराभाद्रपदाच्या शेवटाला ञ. अंकलिपीतसुद्धा ण साठी बाण काढून वेळ मारून नेतात, ङ आणि ञ च्या चौकटी मात्र बहुधा रिकाम्याच राहतात. त्या रिकाम्या चौकटीत आता पोटच्या पोरीला बसवायचं म्हणजे पंचाईतच.

माझ्या भाचीने जन्माला यायला नेमका हाच चरण गाठला. भाऊ आणि भावजय दोघंही कॉम्प्युटरवाले, पत्रिकाबित्रिका न मानणारे. पण 'मानत नाही, अक्षर तेवढं बघून ठेवू' हे हल्लीच्या नास्तिकांचं ठरलेलं कलम आहे. गुरुजींना फोन गेला. गुरुजी मुरलेले. म्हणाले, "ञ वरून नाव कुठून आणणार? पण ज्ञ म्हणजे तरी काय हो? ज् अधिक ञ. ञ पोटात आहेच की. ज्ञ वरून ठेवा, पत्रिकेची काही हरकत नाही."

भावजय हरखली. तिला नाव 'युनिक' हवं होतं आणि इथे तर देवानेच सोय केली होती. ज्ञानेश्वरी म्हणजे ग्रंथ झाला, ज्ञानदा तिच्या वर्गात होती आणि तिच्याशी हिचं पटत नव्हतं (नाव बाद व्हायला एवढं कारण पुरतं, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे). शेवटी उरलं ज्ञेया. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञान आणि ज्ञेय यांची चर्चा आहे. जाणून घ्यायचं ते ज्ञेय. अर्थ भारदस्त, अक्षरं दोनच, आणि सोसायटीच्या चारही इमारतींत या नावाचं मूल नाही. भावाने खात्री करून घेतली होती.

"ताई, तुम्हाला कसं वाटतं?" भावजयीने विचारलं.

विचारलं हे तिचं मोठेपण. नाव ठेवायचा मान आत्याचा, असं आपण अजून म्हणतो, पण आत्याचं काम आता निवेदिकेचं झालं आहे. तिच्या हातात चिठ्ठी दिली जाते, तिने ती पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात वाचायची, कुर्र करायचं आणि पाठीत बुक्के खायचे. बुक्क्यांची प्रथा मात्र कुणी आधुनिक केलेली नाही. मी चिठ्ठी वाचली, बुक्के खाल्ले, घुगऱ्या खाल्ल्या. कानात नाव सांगताना माझ्या मराठी जिभेने ते 'द्न्येया' असं सांगितलं. गुरुजींनी शोधून दिलेले ज आणि ञ, दोघेही त्या गडबडीत पाळण्याबाहेर राहिले.

जगावेगळं नाव ठेवण्याच्या या हौसेत एक गंमत आहे. सगळेच जण एकाच वेळी, एकाच पद्धतीने, जगावेगळं नाव शोधत असतात. अक्षय कुमार आणि ट्विंकल खन्ना यांचा आरव 2002 सालचा. तेव्हा हे नाव ऐकून लोकांनी 'काय म्हणालात?' असं विचारलं असेल. आता बालवाडीच्या दारात उभं राहून 'आरव' अशी हाक मारा, चार-पाच डबे तरी तुमच्याकडे वळतील. आलिया अडवाणी सिनेमात आली तेव्हा आलिया नावाची एक नटी आधीच होती, म्हणून तिने कियारा हे नाव घेतलं. गर्दी टाळायला घेतलेलं ते नाव. पुढे त्याचीच गर्दी झाली. आणि ते 'अंश' प्रकरण! दिव्यांश, रेयांश, कियांश, श्रीयांश. एका शिक्षिकेने मला सांगितलं, "आमच्या वर्गात सगळे अंशच आहेत, छेद एकही नाही, त्यामुळे गणित पुढे सरकत नाही."

आमच्या पिढीला ही चिंता नव्हती. वर्गात तीन सुनीता असल्या तर बाई आडनावाने हाका मारत आणि तिघींपैकी एकीच्याही आईला आपण कमी पडलो असं वाटत नसे. त्याआधीच्या पिढीत तर नाव वाईट असणं हेच संरक्षण मानलं जाई. आधीची मुलं गेलेली असली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा. नजर लागू नये, यमाला मोह पडू नये. त्यात निदान जगवण्याची धडपड होती. 'नकोशी' या नावात तीही नव्हती. सातारा जिल्ह्यात 2011 च्या ऑक्टोबरात अशा 285 मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. त्यातल्या काही चांगल्या कळत्या होत्या, आपलं नाव आपणच निवडून आल्या होत्या. नकुसा, नकोशी ही नावं उच्चारायला कुणाला जड जात नव्हती. जड होतं ते वेगळंच.

तर ज्ञेया. बारसं झालं आणि नाव घराबाहेर पडलं.

पहिला मुक्काम पाळणाघर. तिथल्या ताई मूळच्या इंदूरकडच्या. त्यांनी 'ग्येया' म्हटलं. भावजयीने मवाळपणे दुरुस्ती केली, "द्न्येया." ताई म्हणाल्या, "हां हां, वही. ग्येया." दोघींनाही आपापलं म्हणणं पटलेलं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती काकूंनी 'ग्नेया' म्हटलं. त्यांच्याकडे याज्ञिक हे आडनाव याग्निक होतं आणि जिज्ञासा जिग्नासा होते, त्यामुळे त्यांचंही बरोबर. भावाच्या ऑफिसातल्या बंगाली मित्राने सांगितलं की त्यांच्याकडे प्रज्ञाला 'प्रोग्गा' म्हणतात. मग या मुलीचं काय करायचं यावर त्याने बराच विचार केला आणि शेवटी तिला 'बेबी' म्हणायचं ठरवलं. बंगाली माणसाला ही वाट नेहमीच मोकळी असते.

खरी कमाल केली ती खालच्या मजल्यावरच्या मल्याळी आजींनी. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, नाव विचारलं, कागदावर लिहून दाखवायला सांगितलं, आणि अगदी सहज, नाकातून, गोड असं 'ञेया' म्हटलं. आम्ही बघतच राहिलो. भावजयीने विचारलं, "तुम्हाला हे अक्षर अवघड नाही वाटत?" आजी हसल्या. मल्याळममध्ये 'मी' या अर्थाचा शब्दच 'ञान' असा आहे. आम्ही जे अक्षर अंकलिपीच्या रिकाम्या चौकटीत टाकून दिलं, त्याच अक्षराने सगळा केरळ दिवसातून शंभरदा स्वतःबद्दल बोलतो. गुरुजींनी पोटात लपवलेला ञ आख्ख्या सोसायटीत एकट्या त्या आजींना सापडला.

स्पेलिंगची कथा निराळी. मराठी माणूस ज्ञ साठी डी-एन-वाय लिहितो. हे लिहिताना त्याला काही खटकत नाही, कारण तो जे बोलतो तेच लिहितो. पण महाराष्ट्राची सीमा ओलांडली की तो 'डी' अचानक परका होतो. बँकेच्या कॉल सेंटरवरून फोन येतो आणि पलीकडचा मुलगा 'डिनाया' म्हणतो, 'डायना' म्हणतो, एकदा तर धीर करून 'डीएनए' म्हणाला. हिंदीवाले जी-वाय लिहितात. गुजराती जी-एन. कर्नाटकात जे-एन. तमिळनाडूत ज्ञानसंबंदर हे संतांचं नाव इंग्रजीत जी-एन ने सुरू होतं, पण म्हणताना तिथेही ञ चाच नाद ऐकू येतो. साहित्यातला मोठा मानाचा पुरस्कार घ्या. वि. स. खांडेकरांना 1974 साली तो मिळाला, मराठीतले ते पहिले. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग जे ने सुरू होतं, दिल्लीत त्याला ग्यानपीठ म्हणतात, पुण्यात द्न्यानपीठ. स्पेलिंगमधला जे कुणाच्याच तोंडी नाही आणि पुरस्काराच्या प्रतिष्ठेला त्यामुळे काही बाधा आलेली दिसत नाही.

एवढंच कशाला, हा वाद चंद्रावरही जाऊन आला आहे. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं आणि त्यातून 26 किलोची एक सहाचाकी गाडी बाहेर पडली. मराठी पेपरांनी छापलं 'प्रज्ञान', आणि आम्ही वाचलं 'प्रद्न्यान'. हिंदी वाहिन्या 'प्रग्यान' म्हणून ओरडत होत्या. इस्रोचं मुख्यालय बंगळूरला, जिथे प्रज्ञा नावाच्या मुली स्पेलिंगमध्ये जे लावतात. तरी गाडीच्या स्पेलिंगात जी-वाय. गाडी बिचारी एका चांद्रदिवसात, म्हणजे आपल्या सुमारे चौदा दिवसांच्या आत, काम उरकून झोपी गेली. तिला हाक मारायला तिथे कुणी नव्हतं, हे एका परीने बरंच झालं.

आता इतकं सगळं झाल्यावर मराठी माणसाने काय करावं? त्याने हिंदीवाल्यांना हसावं, तेच तो करतो. 'ग्यान देऊ नकोस' हे वाक्य तो स्वतः दिवसातून दहा वेळा म्हणतो, पण ग्यान हा उच्चार त्याला अशुद्ध वाटतो. माझ्या भावानेही पाळणाघराच्या ताईंवरून असाच विनोद केला. तेवढ्यात आतून आई आली. आई सातारा भागातल्या खेड्यातली, घरात वारी. तिने नातीला उचललं आणि म्हणाली, "चला गेऊबाई, दूध प्यायचं."

भाऊ म्हणाला, "आई, गेऊ नाही. ज्ञेया."

आई म्हणाली, "तेच म्हणते मी. ग्येया. आमच्याकडे ज्ञानोबालासुद्धा ग्यानबाच म्हणतात. माउली कधी रागावली नाही."

यावर कुणी काय बोलणार? आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत टाळमृदंगाच्या ठेक्यावर 'ग्यानबा-तुकाराम' असाच गजर चालतो. ज्यांनी शके 1212 मध्ये मराठीला ज्ञानेश्वरी दिली, त्यांना त्यांची सगळ्यात जवळची माणसं शतकानुशतकं ग ने हाक मारत आली आहेत. द्न्य हा उच्चार शाळेचा, ग्य हा वाटेवरचा. आपली म्हणही ग्यानबाची मेख अशीच आहे. तिचं 'ज्ञानोबांची मेख' करून पाहा, मेख निघून येते. हिंदीचं म्हणून आम्ही ज्याला हसत होतो ते आमच्याच घरात, आमच्याच आईच्या तोंडी, वारीच्या तुळशीसकट बसलेलं होतं.

ज्ञ सारखाच दुसरा अवलिया म्हणजे ऋ. पुण्याचा ऋतुराज गायकवाड आणि रुडकीत जन्मलेला ऋषभ पंत, दोघंही भारतीय संघातून खेळलेले. देवनागरीत दोघांचं पहिलं अक्षर एकच. धावफलकावर एक आर-यू ने सुरू होतो, दुसरा आर-आय ने. आपण अमृताला अम्रुता म्हणतो आणि कृष्णाला क्रुष्णा, उत्तरेला अम्रिता आणि क्रिश्ना. मूळ ऋ या दोन्हींहून वेगळा होता असं व्याकरणवाले सांगतात, पण तो आता ऐकायचा कुठे? थोडक्यात, दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने स्वर बदलून घेतलेला आहे आणि दोन्ही बाजू एकमेकांना अशुद्ध म्हणून नावं ठेवतात. नावं ठेवणं या क्रियापदाचा हा दुसरा अर्थ बारशाला येत नाही, पण बारशानंतर लगेच येतो.

माझ्या भावजयीच्या नावात ऋ आहे. हे एरवी सांगायचं कारण नव्हतं, पण 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम झाला आहे. निर्णय उत्तम. माझ्या आईचं माहेरचं नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने पुसलं गेलं आणि तिथल्या तिथे नवं लिहिलं गेलं. आता आईचं नाव निदान लेकरामागोमाग चालतं, याचं मला अप्रूप आहे. पण आमच्या घरी त्याचा परिणाम असा झाला की पहिल्या शब्दात ज्ञ, दुसऱ्यात ऋ, आणि दोन्हींची स्पेलिंगं खिडकीपलीकडच्या माणसाच्या स्वाधीन.

ती खिडकी मी पाहिली आहे, कारण भावासोबत गेले होते. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते. नाव मात्र त्या वेळी नसलं तरी चालतं, पुढे बारा महिन्यांत फुकट घालता येतं आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. कायद्याला घाई नसते, घाई असते ती नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला. तर आम्ही नाव घेऊन गेलो. भावाने इंग्रजीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. खिडकीतल्या बाईंनी ते टाइप केलं आणि संगणकाने आपणहून त्याचं मराठी करून दाखवलं : 'डन्येया'.

"मराठीत हाताने घालता येईल का?" भावाने विचारलं.

"येईल की. सांगा."

"ज्ञ ला मात्रा. ज्ञानेश्वराचा ज्ञ."

बाईंनी कळफलकावर ज्ञ शोधला. सापडला. मग इंग्रजीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "मग यात डी कशाला घातलाय? ज्ञ मध्ये द कुठंय?"

प्रश्न बिनतोड होता. आपल्यापैकी कुणीही तो आयुष्यात स्वतःला विचारलेला नसतो. भाऊ गप्प झाला. मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, "आमच्या मुलाचं यज्ञेश आहे. आम्ही डी लावलाय. सासरचे लोक सुरतेचे, ते जी लावतात. पासपोर्टाच्या वेळी बघू म्हटलं." रांगेतल्या आणखी दोघांनी आपापल्या घरची प्रकरणं काढली. तिथे एक छोटंसं अधिवेशनच भरलं. शेवटी बाईंनी डी ठेवला आणि पावती फाडली.

परदेशातली मंडळी यातून केव्हाच बाहेर पडली आहेत. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ कॉफीच्या दुकानात 'सॅम' होतो, पेल्यावर तेच लिहिलेलं असतं आणि कॉफी वेळेवर मिळते. तो म्हणतो, तिथे आयरिश लोकांचंही असंच रडगाणं आहे. सर्शा रोनन या नटीच्या नावाचं स्पेलिंग पाहून कुणालाही 'सर्शा' सुचणार नाही. मला ते ऐकून बरं वाटलं. दुसऱ्याच्या घरी डी-एन-वाय आहे हे कळलं की आपलं जरा सुसह्य होतं.

खरं तर आपल्याकडे या दुखण्यावर तोडगा पूर्वीपासून तयार आहे. शास्त्राप्रमाणे नामकरणात एका मुलाला चार नावं मिळतात, देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाव. चारही कमी पडतात म्हणून घर पाचवं देतं, बंड्या, चिमी, बाळू, ताई. मित्र सहावं देतात. 'सैराट'मध्ये अर्चना आणि प्रशांत अशी सरळ नावं असलेल्या दोघांना सगळ्या महाराष्ट्राने 2016 साली आर्ची आणि परश्या म्हणूनच ओळखलं. मूळ नावं विचारली तर अनेकांना आठवावी लागतील. मराठी जीभ कुठल्याही नावाला फार काळ इस्त्रीत राहू देत नाही. आमच्याकडे ती आता गेऊ आहे. भाऊसुद्धा गेऊ म्हणतो. भावजय पाहुण्यांसमोर ज्ञेया म्हणते आणि पाहुणे गेले की "गेऊडे, ती किल्ली तोंडात घालू नकोस!" मुलगी तीनही हाकांना ओ देते, आणि किल्ली तोंडात घालते.

परवा भावजयीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला दिवाळीच्या सुमारास बाळ होईल. "ताई, तुम्ही लिहिता-वाचता, एखादं वेगळं नाव सुचवा ना. अगदी कुणाचंच नसलेलं."

मी म्हटलं, "आजच्या बालवाडीत कुणाचंच नसलेलं? मग सुनीता ठेव. एकही सापडणार नाही. अंतराळात जाऊन आलेलं नाव आहे."

ती हसली. मग थांबली. "थट्टा बाजूला ठेवा, पण खरंच कुणी ठेवत नाही हो आता," ती म्हणाली. फोनवर मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, काय ठरलं म्हणून. तिने सांगितलं. तो म्हणाला, "उच्चार तरी सोपा आहे." दक्षिणेकडे ते टी-एच लावतील, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो स्वतःच म्हणाला, चालेल. मग तिच्या सासूबाईंचा, निवृत्त शिक्षिकेचा, खणखणीत आवाज ऐकू आला, "नी दीर्घ हं. लोक ऱ्हस्व लिहितात." सासरे म्हणाले, "ऱ्हस्वच आहे. माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेवर ऱ्हस्व होती." सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीची पत्रिका कुणी लिहिली होती ते माहीत आहे मला."

मी फोन कानाला धरून बराच वेळ ऐकत होते. बाळाला यायला अजून चार महिने आहेत.